दाढीच्या वेळचं इंग्रजी

बाबा दाढी करताना इंग्रजी क्रियापदं म्हणायचे. कुणाच्या घरी स्तोत्र असतं, कुणाच्या घरी रेडिओ; आमच्याकडे 'आय ॲम, दाऊ आर्ट, ही इज' असायचं. भिलाईच्या सेक्टरातलं आमचं क्वार्टर, मागचा व्हरांडा, खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा आणि खांद्यावर जुना पंचा. ते उजव्या गालाला साबण लावायचे आणि वर्तमानकाळ सुरू करायचे. उजवा गाल झाला की वर्तमानकाळ संपायचा. मग डावा गाल आणि भूतकाळ: 'आय वॉज, दाऊ वॉस्ट, ही वॉज.' हनुवटीच्या वाट्याला काही नव्हतं, कारण तिथे तोंड मिटून ठेवावं लागतं. भविष्यकाळ मी कधीच ऐकला नाही. लहानपणी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तेवढी दाढी कोनाची राहते बेटा?"

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात गरम पाण्याचा गडू घेऊन उभी असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण रोज सकाळी, स्टील प्लांटच्या जनरल शिफ्टच्या आधी, वर्षानुवर्षं कानावर पडल्यामुळे तिला तो सगळा पाढा पाठ झाला होता. बाबा कुठे अडखळले तर ती पोळी लाटता लाटता पुढचा शब्द सांगायची. याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं, तिलाही नाही.

हे इंग्रजी बाबांनी गोंदियाकडच्या त्यांच्या खेड्यातल्या शाळेतून आणलं होतं. तिथल्या गुरुजींकडे एक जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं, इतकं जुनं की त्यातलं अर्धं इंग्रजी खुद्द इंग्रजांनीच टाकून दिलं होतं. गुरुजींची पद्धत अशी की वर्गाचे दोन भाग करायचे. खिडकीकडच्या मुलांनी म्हणायचं 'आय ॲम', भिंतीकडच्यांनी म्हणायचं 'दाऊ आर्ट', पुन्हा खिडकीकडून 'ही इज'. जी बाजू चुकेल तिला छडी. बाबा खिडकीकडे बसायचे. पुढे ते भिलाईला आले, प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क झाले, आणि तिथे देशभरातून आलेल्या लोकांत कुणीच कुणाला दाऊ म्हणत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं असणार. तरी त्यांनी ते सोडलं नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकायला लागल्यावर त्यांना म्हटलं, "बाबा, हे आता कोणी वापरत नाई." ते म्हणाले, "पितळेची घागर कोनी वापरत नाई, म्हून फेकून देतेत का?"

मी आता भिलाईला लागूनच असलेल्या रिसालीतल्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या पुस्तकात एक जुनी कविता आहे, तिच्यात हे शब्द येतात, आणि समासात बारीक अक्षरात त्यांचा अर्थ दिलेला आहे: यू. बस, एवढंच. मुलं विचारतात, "मॅम, ये एग्ज़ाम में आएगा?" मी सांगते, नाही येणार. मुलं पान उलटतात. उलटू देत. परीक्षेत न येणाऱ्या गोष्टींसाठी मी कुणाशी भांडत नाही, तेवढा पगार मला मिळत नाही.

पण समासातला तो अर्थ अर्धाच आहे. पूर्वी इंग्रजीतही आपल्यासारखं होतं, एक तू आणि एक तुम्ही. दाऊ म्हणजे तू. आर्ट, हॅस्ट, वॉस्ट ही त्या तूची क्रियापदं: आहेस, आहे तुझ्याकडे, होतास. देवाला तू, लेकराला तू, जिच्यावर जीव जडला तिला तू, आणि शिवी द्यायची असेल तर त्यालाही तू. मग तिकडचे लोक सभ्य होत गेले. उगाच कुणाचा अपमान नको म्हणून जो भेटेल त्याला तुम्ही म्हणू लागले, आणि सगळ्यांना तुम्ही म्हणता म्हणता तू विसरून गेले. हे मला परकं वाटत नाही. भिलाईत आम्ही तेच केलं. शेजारी मल्याळी, समोर बंगाली, मागे उडिया, कुणाला काय चालतं ठाऊक नाही. मग सगळ्यांना आप. मी माझ्या वर्गातल्या मुलांनाही आप म्हणते. तू उरला तो घरात, आणि घरातही वाटून दिलेला. आईला मी तू म्हणायची, बाबांना तुम्ही. बाबा आईला तू म्हणायचे, आणि आई बाबांना 'अजी' आणि तुम्ही. तिने आयुष्यात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. रेशन दुकानात नाव सांगायची वेळ आली तर मला पुढे ढकलायची.

बाबांना लकवा झाला तो उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली, हात, पाय, आणि चेहऱ्याचीही. उजव्या गालाला हात लावला तर त्यांना कळत नव्हतं. आणि बोलणं गेलं. समजतं किती, हे कुणालाच नीट सांगता येईना. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते आणि माझ्या मनात फक्त एवढंच होतं की पंख्यावर फार धूळ बसली आहे. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही. मला काही वाटतच नव्हतं. थंडीत बोटं बधिर होतात तशी मी आतून झाले होते, आणि ते बरंच सोयीचं होतं. शाळा सुटली की मी रिसालीहून स्कूटीने त्यांच्याकडे यायची, औषधं बघायची, उशिरा परत जायची. माझा नवरा जामुलच्या सिमेंट कारखान्यात आहे. त्याचं त्याचं जेवण तो करून घ्यायचा. तो भला माणूस आहे, त्याने काही विचारलं नाही.

बोलणं परत यावं म्हणून एक तरुण मुलगी घरी येऊ लागली, बोलण्याचे व्यायाम घेणारी. पहिल्या दिवशी तिने आईला विचारलं, "घर में कौन सी भाषा बोलते हैं?" आई म्हणाली, "हिंदी." मग ती मुलगी चित्रांची कार्डं घेऊन बसायची. सेब. गाय. छाता. बाबा छताकडे बघायचे. असे कितीतरी आठवडे गेले. एके दिवशी शाळेला सुट्टी म्हणून मी सकाळीच गेले, तर हा प्रकार. मी आईला बाजूला घेऊन विचारलं, बाबांना हिंदी कार्डं का?

"तिनं विचारलं, मी सांगतलं," आई म्हणाली.

"अवं पन बाबा घरात कधी हिंदी बोलले का?"

"मंग तिले मराठी कुठी येते बिचारीले? मराठी म्हनलं असतं तर तिले खाली पाहा लागलं असतं. पाहुन्या मानसाले कायले लाजवाचं?"

ही चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते. आम्ही भिलाईचे मराठी लोक भाषेला चपलांच्या उलट वागवतो: घरात घालायची आणि बाहेर पडताना काढून ठेवायची. कुणी भाषा विचारली की तोंडातून आपोआप हिंदी येतं, समोरच्याची अडचण नको म्हणून. आईने नवऱ्याच्या आजारपणातही तोच शिष्टाचार पाळला. मला राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं. मग मी मराठी कार्डं केली. सफरचंद, गाय, छत्री. बाबा त्यांच्याकडेही तसेच बघायचे.

दाढीला कॅम्प-1 वस्तीतून एक न्हावी यायचा. तो गावी गेला आणि बाबांची दाढी वाढली. शेवटी आईच म्हणाली, मी करते. तिने पलंगावर उशा लावून त्यांना बसवलं, खांद्यावर पंचा टाकला, वाटीत साबण घुसळला. मी बाजूला भाजी निवडत होते. आईने ब्रश उजव्या गालाला लावला, ज्या गालाला काही कळत नव्हतं त्याला, कारण बाबा नेहमी उजवीकडून सुरू करायचे.

आणि बाबा म्हणाले, "आय ॲम."

जडपणे म्हणाले, पण स्वच्छ. "आय ॲम. दाऊ आर्ट. ही इज. वी आर. यू आर. दे आर." आईचा हात तसाच हवेत. मग ते 'आय हॅव' म्हणाले आणि अडले, आणि आई अगदी पूर्वीसारखी, पोळी लाटताना म्हणावं तशी म्हणाली, "दाऊ हॅस्ट." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पदराने न पुसता त्याच हाताने साबण लावत होती. मी भाजी निवडत राहिले. मेथी होती.

मी त्या मुलीला सांगितलं. ती आनंदली, पण तिने समजावलंही की लहानपणी घोकून पाठ केलेल्या गोष्टी, अंक, वार, प्रार्थना, या वेगळ्याच ठिकाणी राहतात. बोलणं गेलं तरी त्या निघतात. "इसे बातचीत मत समझिएगा, आंटी," ती आईला म्हणाली. मला ते पटलं. अजूनही पुष्कळसं पटतं. आई तिच्यासमोर मान हलवून हो म्हणाली, आणि ती गेल्यावर म्हणाली, "तिले काय मालूम."

नंतर एक दिवस असं झालं की बाबा 'आय ॲम' म्हणून थांबले. अडले नव्हते, थांबले होते. आईकडे बघत. आई म्हणाली, "दाऊ आर्ट." ते म्हणाले, "ही इज." ती म्हणाली, "वी आर." खिडकीकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू. तेव्हापासून रोज सकाळी असंच चालू झालं, दोघांचं मिळून. आणि याचा खरा उपयोग दिसला तो दाढी संपल्यावर. पाढा म्हणून झाला की पुढे थोडा वेळ बाबांची जीभ सैल असायची. तेवढ्यात एखाददुसरा मराठी शब्द निघायचा. पानी. पंखा. एकदा 'दुखते'. दुपार होईपर्यंत पुन्हा कुलूप. आई त्या थोड्या वेळासाठी जगत होती, असं म्हटलं तर काही वावगं नाही. तेवढ्यात ती त्यांना दिवसभराचं सगळं विचारून घ्यायची. घरकामाला येणाऱ्या बाईला मात्र भलतीच मजा वाटायची, कारण छत्तीसगढीत गावच्या मोठ्या माणसाला दाऊ म्हणतात. "बाबूजी काला दाऊ-दाऊ कहत हे?" बाबूजी दाऊ कुणाला म्हणतात, असं ती विचारायची. आई म्हणायची, तू भांडे घास.

मग मी घोळ केला. घोळ म्हणजे काय, आईने विचारलं आणि मी सांगितलं, इंग्रजीच्या बाईने अर्थ विचारल्यावर सांगायचा नाही तर काय करायचं? एका रविवारी आई म्हणाली, "एवढं म्हनून राहिली मी, त्याचा अर्थ तरी सांग." मी सांगितलं. आय ॲम म्हणजे मी आहे. दाऊ आर्ट म्हणजे तू आहेस.

आईने हातातली वाटी खाली ठेवली. "तू?"

"हो."

"तुम्ही नाई?"

"तुम्ही म्हणजे यू. हे दाऊ म्हणजे तू. जुनं हाय."

"म्हंजे मी यायले रोज तू म्हनून राहिली होती," आई म्हणाली. "अन् तू बसून आयकत होती."

तिचा चेहरा खरोखर उतरला. मी हसणार होते, पण हसण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, देवालाही तू म्हणतो आपण. ती म्हणाली, "देव काई माह्या सासूसमोर नाई बसत." तिची सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने बदल केला. बाबा 'आय ॲम' म्हणाले की ती 'यू आर' म्हणू लागली. बाबा थांबायचे. पुन्हा 'आय ॲम'. पुन्हा ती 'यू आर'. बाबांचा चेहरा लाल व्हायचा, डावा हात गादीवर आपटायचा, एकदा त्यांनी साबणाची वाटी उडवली. भिंतीकडची बाजू चुकत होती, आणि त्यांच्या शाळेत चुकीला काय होतं ते मी सांगितलंच आहे. मग त्यांनी 'आय ॲम' म्हणणंही सोडलं. त्याबरोबर पानी गेलं, पंखा गेला. दाढी मुकाट्याने व्हायची आणि उरलेला दिवसही तसाच जायचा.

मी आईला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही. ज्या बाईने नवऱ्याचं नाव रेशन दुकानातही घेतलं नाही तिला मी कोण सांगणार, की आता तू म्हण. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी शाळेआधी औषध द्यायला म्हणून गेले, तर पुढचं दार आतून लावलेलं. मागून गेले. कामवाली बाई परसात मुनग्याच्या झाडाखाली बसलेली. म्हणाली, अम्माने बाहेर काढलं आहे. मी व्हरांड्याच्या खिडकीतून बघितलं. आईने डोक्यावरून पदर घेतला होता, नव्या सुनेसारखा, कपाळाच्या खालपर्यंत. एका हातात ब्रश. तोंड भिंतीकडे.

"आय ॲम," तिनेच सुरुवात करून दिली, त्यांच्या बाजूची. मग वाट बघितली.

खूप वेळाने बाबा म्हणाले, "आय ॲम."

"दाऊ आर्ट," आई भिंतीला म्हणाली, अगदी हळू.

"ही इज," बाबा म्हणाले.

दाढी झाल्यावर तिने ब्रश धुतला, वाटी पालथी घातली आणि खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. तू म्हटल्याचा. तेव्हापासून हा रोजचा नेम झाला: दार लावायचं, बाईला परसात धाडायचं, पदर घ्यायचा, दाऊ म्हणायचं, आणि शेवटी पाया पडायचं. पाचसहा दिवसांनी तोंड भिंतीकडून वळलं. एकदा मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती 'दाऊ आर्ट' म्हणून हसत होती, आणि बाबांच्या तोंडाची डावी बाजूही हसत होती. मला हेवा वाटला, स्पष्ट सांगते. मला कुणाला एवढं लाजून काही म्हणायची वेळ आली नाही. मी आणि नवरा एकमेकांना पहिल्या दिवसापासून तू म्हणतो, आणि त्या तूला आम्ही कधी ढुंकूनही बघितलं नाही.

फक्त डाव्या गालाचं तिने चालू दिलं नाही. त्याचाही अर्थ तिने मला विचारला होता. आय वॉज, मी होतो. दाऊ वॉस्ट, तू होतास, तू होतीस. "जित्या मानसाले होतास म्हनाव का?" ती म्हणाली. "अन् असल्या दुखन्यात?" मग डाव्या गालाशी आल्यावर बाबा 'आय वॉज' म्हणायला लागले की ती पटकन ओठांना साबण लावायची. "अजी, तो गाल उगा राहू द्या." थोड्या दिवसांत त्यांना सवय झाली. उजवा गाल बोलून, डावा मुकाट. शब्दही वाढत होते. एकदा बाबा मला 'बेटा' म्हणाले. मी शाळेत जाऊन निबंधाच्या वह्या तपासल्या.

आई गेली ती दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी. जेवली, बाबांना भरवलं, पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाली आणि उठली नाही. बाईने मला शाळेत फोन केला. मी वर्गाला कोणतं पान वाचायचं ते सांगून निघाले. मला रस्त्यातले सगळे सिग्नल आठवतात, बाकी काही नाही.

गोंदियाहून धाकटे काका आले, रेल्वेतून निवृत्त झालेले. इतर नातेवाईकही आले. बाबांना सांगायचं की नाही यावर पुढच्या खोलीत कुजबुज झाली. काका म्हणाले, "सांगू नका, पुन्हा झटका येईन." पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये काय लपवणार? आईला बाहेर काढताना बाबांची खुर्ची दाराशीच होती. त्यांनी पंख्याकडे बघितलं. काकांनी डोळे पुसत म्हटलं, "बरंच हाय. भाऊले काई समजत नाई." तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक जण हे वाक्य म्हणून जायचा. कुणाला तरी त्रास होत नाही आहे, याचा लोकांना केवढा आधार वाटतो.

मी मात्र सांगितलं. सगळे अंगणात असताना त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, आई गेली." त्यांनी माझ्याकडे बघितलं, सफरचंदाच्या कार्डाकडे बघायचे तसंच. मी पुन्हा म्हटलं. तसंच बघितलं. समजलं होतं की नव्हतं, तेवढंच मला हवं होतं. माझं रडणंही त्यावरच अडून बसलं आहे असं मला उगाच वाटत होतं. या घरात आई गेल्याचं दुःख करणारी मी एकटी आहे की आम्ही दोघं आहोत? एकटी असेन तर मला ते जमणार नव्हतं.

आणि विचारायला वाटच नव्हती, कारण सुतक होतं. सुतकात घरातले पुरुष दाढी करत नाहीत. दाढी नाही म्हणून पाढा नाही, पाढा नाही म्हणून शब्द नाही. बाबांच्या गालांवर पांढरी खुंटं वाढत गेली आणि ते दिवसेंदिवस गप्प होते. 'पानी'सुद्धा म्हणाले नाहीत.

दहाव्याला काका आणि माझा नवरा विधीसाठी शिवनाथ नदीवर गेले. बाबांची दाढी करायला कॅम्प-1 चा न्हावी घरी आला. त्याने ब्रश पुढे केला तसे बाबांनी दात घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. त्याने दोनतीनदा करून बघितलं. "बाबूजी नहीं मान रहे, दीदी," तो म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

मग मी साबण घुसळला. काय करते आहे याचा फार विचार केला नव्हता, पण पुढचं दार मी लावून घेतलं आणि बाईला परसात बसायला सांगितलं. ओढणी डोक्यावर कधी घेतली ते मला आठवत नाही. बाबांना मी जन्मात कधी तू म्हटलेलं नव्हतं. आता भिंतीकडची बाजू माझ्याकडे होती आणि मी ती म्हणणार होते. मी पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला आणि ब्रश उजव्या गालाकडे नेला.

बाबांनी मान वळवली. भिंतीकडे नाही. त्यांनी डावा गाल पुढे केला, जो त्यांना कळत होता, आणि उजवा माझ्यापासून दूर नेला. मी पुन्हा उजवीकडे गेले. त्यांनी पुन्हा डावा दिला. मी डाव्या गालाला साबण लावला.

"आय वॉज," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी चांगला हात वर करून माझ्या तोंडासमोर धरला, मला गप्प करायला. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, जिथे आई गडू घेऊन उभी राहायची. मोठ्याने नाही, ऑफिसात शेजारच्या टेबलाशी बोलावं तसं, ते म्हणाले, "दाऊ वॉस्ट."

पुढचं म्हटलं नाही. तोंड मिटलं. मी त्यांचा डावा गाल करून दिला, नीट, कानापर्यंत. पुसला. साबणाचं पाणी माझ्या मनगटावर गरम लागत होतं हे मला कळत होतं. मग मी त्यांच्या पायांना हात लावला, आई लावायची तसा, आणि तिथेच बसून राहिले. ओढणी पुरली नाही, पंच्याचं टोक घ्यावं लागलं.

नदीवरून काका आले. अंगणात पाय धुऊन आत आले आणि बाबांकडे बघून थांबले. एक गाल गुळगुळीत आणि एक तसाच पांढरा.

"अर्धीच काऊन केली?" ते म्हणाले. "आन तो रेझर, मी करतो उजवा गाल."

"राहू द्या काका," मी म्हटलं. "तो आईचा हाय."